पुढचा ब्रेक, मागची नजर

ब्रिटनच्या वाहतूक कायद्यात एक गंमत आहे. पुण्यात किंवा नाशकात दहा वर्षं शंभर सीसीची गाडी चालवलेला माणूस नोकरीनिमित्त लेस्टरला राहायला गेला आणि त्याच्या भारतीय लायसन्सवर गिअरच्या मोटरसायकलची नोंद असली, तर पहिले बारा महिने तो तिथे कुठलीही मोटरसायकल चालवू शकतो. कुठलीही म्हणजे हजार सीसीचीसुद्धा. विमा कंपनी आणि गाडी भाड्याने देणारा काय म्हणेल तो भाग वेगळा, कायदा आड येत नाही. त्याच्याच गल्लीत राहणारा, तिथेच जन्मलेला एकोणीस वर्षांचा मुलगा मात्र प्रशिक्षण घेतल्याशिवाय सव्वाशे सीसीची गाडीही रस्त्यावर काढू शकत नाही. बारा महिने उलटले की चित्र फिरतं. ऑस्ट्रेलिया, जपान किंवा सिंगापूरचं लायसन्स देऊन त्या बदल्यात ब्रिटिश लायसन्स घेता येतं, भारताचं देऊन घेता येत नाही. आपला अनुभवी गडी मग शिकाऊ ठरतो. प्रोव्हिजनल लायसन्स, पुढे-मागे लाल अक्षरातली ‘एल’ची पाटी, मोटरवेवर बंदी आणि मागे कुणाला बसवायचीही बंदी. डबलसीटशिवाय दुचाकीची कल्पनाच न करणाऱ्या मराठी माणसाला यातली शेवटची अट सगळ्यात जड जाते.

पुष्कळांना हा अपमान वाटतो. पंधरा वर्षं गाडी चालवणाऱ्याला आता क्लच कुठला आणि गिअर कुठला हे शिकवणार का, असा त्यांचा सवाल असतो. मला विचाराल तर काळजी करावी ती त्या आधीच्या, मोकळीक असलेल्या बारा महिन्यांची. ज्याला गाडी येतच नाही तो निदान घाबरून हळू चालवतो. ज्याला येते त्याच्या हातांना आणि डोळ्यांना सवयी जडलेल्या असतात. शहरातल्या चाळीसच्या वेगात त्या सवयी खपून जातात. ताशी साठ मैलांच्या, म्हणजे जवळजवळ सत्त्याण्णव किलोमीटरच्या, अरुंद ग्रामीण रस्त्यावर त्या खपत नाहीत. ब्रिटनमध्ये वस्तीबाहेरच्या, दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्याचीही वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी तेवढी आहे.

ही शिस्त ब्रिटनच्या अंगात पहिल्यापासून होती असंही नाही. १९६१ मध्ये शिकाऊ चालकांना २५० सीसीची मर्यादा घातली गेली, तेव्हा ती पुरेशी वाटली असणार. पण सत्तरच्या दशकात जपानी कंपन्यांनी अशा टू-स्ट्रोक गाड्या आणल्या, की अडीचशे सीसीतच ताशी शंभर मैलांच्या आसपासचा वेग मिळू लागला. आपल्याकडे ज्यांनी राजदूत ३५० चा आवाज ऐकलाय, त्यांना या घराण्याची कल्पना येईल. ती यामाहाचीच बहीण. सतरा वर्षांचा पोरगा एल-पाटी लावून असली गाडी पळवायचा आणि कायद्याला ते मंजूर होतं. १९८३ मध्ये मर्यादा १२५ सीसीवर आली. परीक्षेची तऱ्हा तर त्याहून मजेदार होती. परीक्षक फुटपाथवर उभा राहायचा, उमेदवार दोन-चार गल्ल्यांना फेरी मारून यायचा, आणि ठरलेल्या जागी परीक्षक हात वर करून पुढे आला की त्याने करकचून थांबायचं. मधल्या गल्ल्यांत त्याने काय दिवे लावले ते परीक्षकाला दिसायचंच नाही. अखेर डिसेंबर १९९० पासून रस्त्यावर येण्याआधीचं मूलभूत प्रशिक्षण सक्तीचं झालं. त्यालाच सगळे सीबीटी म्हणतात.

सीबीटी ही परीक्षा नाही, त्यात पास-नापास नसतं. एक दिवसाचा कार्यक्रम, पाच टप्पे, आणि एका टप्प्याबद्दल प्रशिक्षकाचं समाधान झाल्याशिवाय पुढचा सुरू होत नाही. वीस मीटरवरची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे, तिथपासून सुरुवात. मग मोकळ्या आवारात इंजिन बंद ठेवून गाडी ढकलणं, स्टँडवर लावणं आणि काढणं, नंतर चालू गाडीवर क्लच, ब्रेक, वळण. आवारात एका प्रशिक्षकाकडे जास्तीत जास्त चार जण, रस्त्यावर दोनच. कानात रेडिओ लावून निदान दोन तास खऱ्या रहदारीत गाडी चालवावी लागते आणि प्रशिक्षक मागून स्वतःच्या गाडीवर येत सूचना देत राहतो. संध्याकाळी मिळणारं प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं. जमलं नाही तर पुन्हा एक दिवस यायचं, एवढीच शिक्षा.

आवारातला बराच वेळ हळू चालवण्यात जातो, आणि इथे आपली माणसं सुरुवातीला खुशीत असतात. लक्ष्मी रोडच्या गर्दीतून गाडी काढलेल्याला प्लास्टिकच्या शंकूंमधून गाडी काढणं काय अवघड? पण लक्ष्मी रोडवर दोन्ही पाय वल्ह्यासारखे जमिनीला लागलेले असतात. इथे पाय फूटरेस्टवर हवेत, पुढे परीक्षेत यू-टर्न घेताना पाय टेकला तर चूक मोजली जाते. युक्ती तशी साधी आहे. रेस स्थिर ठेवायची, वेग कमीजास्त करायचा तो हाफ क्लचने, आणि मागचा ब्रेक हलका दाबून धरायचा म्हणजे गाडी ताणलेल्या दोरीसारखी सरळ राहते. पुढच्या ब्रेकला मात्र या वेगात हँडल वळलेलं असताना हात लावायचा नाही, लावला की गाडी बसलीच. आणि मान वळवायची. चाकापुढच्या जमिनीकडे पाहणारा डगमगतो, जिथून बाहेर पडायचं तिकडे पाहणारा आपसूक तिकडे जातो. आपल्या आरटीओत आठचा आकडा काढून झाला की परीक्षा जवळजवळ संपते, इथे आठच्या आकड्यानंतर ती सुरू होते.

आता पुढच्या ब्रेकबद्दल. आपल्याकडे मामाने किंवा थोरल्या भावाने मैदानात गाडी शिकवली असेल तर एक वाक्य नक्की ऐकवलेलं असतं: पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर आपटशील. या सल्ल्याला अजिबात अर्थ नव्हता असं नाही. सायकलवर लहानपणी तसे आपटलेलो असतो, आपल्या रस्त्यांवर वळणावर खडी आणि वाळू पसरलेली असते, आणि जुन्या गाड्यांचे ड्रम ब्रेक एकदम पकडत. पण त्यातून पिढ्यान्‌पिढ्या एक समज घट्ट झाला की खरा ब्रेक पायाचा, हाताचा आपला जोडीला. प्रत्यक्षात उलट आहे. ब्रेक लागताच गाडीचं आणि माणसाचं वजन पुढे सरकतं. पुढचं चाक जमिनीवर दाबलं जातं, त्याची पकड वाढते. मागचं हलकं होतं, त्याची पकड घटते. कोरड्या रस्त्यावर गाडी थांबवण्याचं निम्म्याहून कितीतरी जास्त काम त्यामुळे पुढचाच ब्रेक करू शकतो. नुसता मागचा ब्रेक जोरात दाबला तर हलकं झालेलं चाक जाम होतं, गाडी शेपटीने सरपटत जाते आणि थांबायचं अंतर वाढतं.

मग माणसं तोंडावर का आपटतात? दाबल्यामुळे नव्हे, ओढल्यामुळे. वजन पुढे सरकायला क्षणभर वेळ लागतो. तो न देता लिव्हर मुठीत आवळला तर पुढच्या चाकावर दाब येण्याआधीच ते जाम होतं. म्हणून शिकवतात ते असं: गाडी सरळ आणि उभी असताना आधी लिव्हर हलका घ्यायचा, फोर्क खाली बसल्याचं जाणवलं की दाब वाढवत न्यायचा, मागचा ब्रेक सोबतीला. अगदी शेवटी क्लच. वळणात गाडी कललेली असेल तर टायरची बरीचशी पकड वळण्यातच खर्च होत असते, म्हणून वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी. ओल्या रस्त्यावर दाब सौम्य ठेवायचा आणि पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी जास्त समसमान करायची.

यंत्रांनी आता बरंच सांभाळून घेतलंय. भारतात एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, युरोपात आणि ब्रिटनमध्येही साधारण असाच नियम आहे. पण एबीएस चाक जाम होऊ देत नाही, एवढंच. ज्याने लिव्हर दाबलाच नाही त्याच्यासाठी ते काही करू शकत नाही. आणि घाबरलेला माणूस जे करतो ते सवयीने करतो.

याचा जुना आणि पक्का पुरावा अमेरिकेतला आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातले सुमारे नऊशे मोटरसायकल अपघात जागेवर जाऊन बारकाईने तपासले आणि १९८१ मध्ये अहवाल दिला. अपघातातले ९२ टक्के चालक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते. आणीबाणीच्या क्षणी बहुतेकांनी मागचा ब्रेक जरुरीपेक्षा जास्त दाबून चाक घसरवलं होतं आणि पुढचा जेमतेम वापरला होता. म्हणजे मामांचा तो सल्ला सातासमुद्रापारही पोचलेला होता! आणखी एक निष्कर्ष नवख्यांपेक्षा जुन्यांनी वाचावा असा आहे. रस्त्यावरचा एकूण अनुभव सरासरी तीन वर्षांच्या जवळपास असला, तरी निम्म्याहून अधिक जणांचा त्या विशिष्ट गाडीवरचा अनुभव पाच महिन्यांहून कमी होता. नवी गाडी म्हणजे निम्मं नवखेपण. गाडी, देश आणि हवामान तिन्ही नवीन असतील तर हिशेब ज्याचा त्याने करावा.

हर्ट यांनी वेळही मोजली. धोका दिसल्यापासून आदळेपर्यंत चालकाच्या हाती दोन सेकंदही नसतात. ब्रिटनच्या हायवे कोडमधले, म्हणजे वाहतुकीच्या नियमपुस्तिकेतले, आकडे त्याच्या शेजारी ठेवून पाहावेत. ताशी ३० मैलांना, म्हणजे ४८ किलोमीटरला, गाडी थांबायला २३ मीटर लागतात. त्यातले नऊ मीटर तर ब्रेकला हात लागण्याआधीच, विचार करण्यात जातात. ६० मैलांना हेच अंतर ७३ मीटर होतं. वेग दुप्पट, अंतर तिपटीहून जास्त. रस्ता ओला असेल तर दुप्पट धरा, बर्फ असेल तर दहापट, असं कोड सांगतं. म्हणून पूर्ण लायसन्ससाठीच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या पहिल्या भागात, ज्याला मॉड्यूल वन म्हणतात, नेमकं हेच तपासतात. बंदिस्त मैदानावर ताशी किमान ५० किलोमीटरचा वेग यंत्रावर नोंदवून घेतात आणि मग परीक्षकाच्या इशाऱ्यावर तातडीने थांबायला लावतात. वेग कमी भरला तरी चूक धरतात. भित्रेपणाने परीक्षा काढता येत नाही.

त्याच मैदानावर दुसरी कसोटी असते ती धोका चुकवण्याची: तेवढ्याच वेगाने येऊन अडथळ्याला वळसा घालायचा आणि पुन्हा नेमून दिलेल्या जागी थांबायचं. इथे दुचाकीचं एक जुनं कोडं समोर येतं. ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या वर मोटरसायकल उजवीकडे नेण्यासाठी हँडलची उजवी मूठ पुढे ढकलावी लागते. चाक क्षणभर डावीकडे जातं, गाडी उजवीकडे कलते आणि उजवीकडे वळते. ऐकायला हे चुकीचं वाटतं, पण आपण सगळे सायकलवरसुद्धा हेच करतो, आपल्याला ठाऊक नसतं इतकंच. विमान उडवण्याआधी सायकलींचं दुकान चालवणाऱ्या विल्बर राइटने डझनावारी सायकलस्वारांना विचारलं होतं, की तुम्ही डावीकडे वळता तेव्हा नेमकं काय करता? पहिल्या फटक्यात पूर्ण बरोबर उत्तर एकानेही दिलं नाही. संथ वळणात हे अज्ञान चालून जातं. समोर अचानक गाडी आली की माणूस हँडल घाईने अडथळ्यापासून दूर फिरवायला जातो आणि गाडी कलते ती नेमकी अडथळ्याच्या बाजूला. हर्ट यांच्या अहवालातही ही कला चालकांकडे जवळजवळ नव्हतीच असं म्हटलंय. मोकळ्या मैदानात, ताशी तीस-चाळीसला, एकेक मूठ हलकेच ढकलून पाहिली की हाताला ते उमगतं. पुस्तक वाचून उमगत नाही.

हातांचं इतकं झालं. पण खरा अभ्यास डोळ्यांचा आहे आणि ब्रिटिश प्रशिक्षकाचा निम्मा आवाज त्यातच खर्च होतो. ब्रिटनमधल्या एकूण वाहतुकीत मोटरसायकलींचा वाटा जेमतेम एक टक्का, रस्त्यावरच्या मृत्यूंत मात्र सुमारे एक पंचमांश. आणि दुसरं वाहन गुंतलेल्या अपघातांचं नेहमीचं चित्र ठरलेलं: गल्लीच्या तोंडाशी थांबलेल्या मोटारीचा चालक दोन्हीकडे पाहतो, त्याला कोणी दिसत नाही, तो बाहेर येतो आणि मोटरसायकल त्याच्या दारावर आदळते. तो खोटं बोलत नसतो. मोटरसायकल समोरून अरुंद दिसते, मोटारीच्या काचेच्या खांबामागे सहज लपते. डोळे एका जागेवरून दुसरीकडे झटकन उडी घेतात तेव्हा मधल्या काळात मेंदू काहीच नोंदवत नाही. शिवाय एखादी वस्तू किती वेगाने जवळ येतेय, हे मेंदू तिचा आकार किती भराभर वाढतोय त्यावरून ताडतो. बारीक वस्तू अगदी जवळ येईपर्यंत फारशी मोठी होत नाही. त्याला गाडी दिसली तरी लांब आणि संथ वाटते.

भारतातून आलेल्या चालकाला इथे एक फायदा आहे, आणि तो त्याने घालवू नये. आपल्याकडे चौकात कोण कुठून घुसेल याचा नेम नसतो, म्हणून आपला चालक कुणावर विश्वास ठेवत नाही. ब्रिटनमध्ये सहा महिने राहिलं, की तिथले लोक नियम पाळतात हे अंगवळणी पडतं. मुख्य रस्त्यावर आपण असलो तर गल्लीतला थांबणारच, हे गृहीत धरलं जातं. नव्व्याण्णव वेळा तो थांबतोही. त्याच्या डोळ्यांत न पाहता पुढच्या चाकाकडे पाहावं, चाक फिरायला लागलं की लगेच कळतं. नजरानजर झाली म्हणजे त्याने आपल्याला पाहिलं, असं नाही.

तोट्याची बाजू म्हणजे आपण डोळ्यांचं काम हॉर्नवर टाकलेलं असतं. मागचा वाजवेल, मग आपण सरकू, असा अलिखित करार असतो आणि म्हणून आरसे आत दुमडलेल्या, नाहीतर काढूनच टाकलेल्या गाड्या आपल्याकडे सर्रास दिसतात. ब्रिटनमध्ये हॉर्न क्वचितच वाजतो. वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात तो वाजवायलाच बंदी आहे. मागून येणारा काही सांगणार नाही, बघायचं आपण. आरसे सगळं दाखवत नाहीत, म्हणून वळण्याआधी किंवा लेन बदलण्याआधी खांद्यावरून मागे एक नजर टाकायची, हे तिथे पहिल्या दिवसापासून अंगात भिनवतात. ‘लाइफसेव्हर’ असं तिचं नाव. आधी आरसे, मग इंडिकेटर, आणि वळण्याच्या क्षणाआधी ही नजर. फार आधी पाहिलं तर उपयोग नाही, वळताना पाहिलं तर उशीर झाला. प्रात्यक्षिकाच्या दुसऱ्या भागात परीक्षक सुमारे चाळीस मिनिटं रस्त्यावर मागे-मागे येतो तेव्हा त्याला ही नजर दिसलीच पाहिजे. वळून झाल्यावर इंडिकेटर आठवणीने बंद करायचा, कारण बहुतेक मोटरसायकलींवर तो मोटारीसारखा आपोआप बंद होत नाही. चालू राहिलेला इंडिकेटर पाहून कोणीतरी गल्लीतून निर्धास्त बाहेर येतो.

लेखी परीक्षाही डोळ्यांचीच म्हणायची. ५० प्रश्नांपैकी ४३ बरोबर यावे लागतात हा पाठांतराचा भाग झाला. दुसऱ्या भागात रस्त्याच्या १४ चित्रफिती दाखवतात आणि धोका आकार घेऊ लागताच माउस दाबायचा असतो. जितक्या लवकर ओळखला तितके गुण, ७५ पैकी ४४ हवेत. थांबलेली बस, तिच्या चाकांखालून दिसणारे पाय, उघडू पाहणारं दार. हे गुण नुसत्या पाठांतराने मिळत नाहीत.

डाव्या बाजूने चालवायचं, हा आपल्यासाठी दिलासा. राउंडअबाउटवर मात्र उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची म्हणजे द्यायचीच, आणि राउंडअबाउट एखाद्या पेट्रोल पंपाजवळ असेल तर जमिनीवरही लक्ष हवं. टाकी काठोकाठ भरलेले ट्रक वळताना डिझेल सांडतात, त्यावर पुढचं चाक साबणावर गेल्यासारखं जातं. दिसण्याआधी वास येतो, हेल्मेटच्या आतसुद्धा. शरद ऋतूत ओली पानं, पावसात लोखंडी झाकणं आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे. डिसेंबरात लंडनमध्ये चारच्या आत सूर्य मावळतो आणि दिवसभर तो क्षितिजालगतच असतो. अशा वेळी स्वतःची सावली पाहावी. ती आपल्यापुढे लांब पडली असेल तर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत सूर्य आहे, त्याच्यासाठी आपण नाहीच असं समजून चालवावं.

हेल्मेटच्या गोष्टीसाठी थोडं मागे जायला हवं. १३ मे १९३५ रोजी डॉर्सेटमधल्या आपल्या घराजवळ ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ख्यात असलेला टी. ई. लॉरेन्स ब्रफ सुपिरियर मोटरसायकलवरून येत होता. रस्त्यातल्या उतारामुळे सायकलवरची दोन मुलं त्याला उशिरा दिसली. त्यांना चुकवायला गेला आणि फेकला गेला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं, सहा दिवसांनी तो गेला. उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यविशारद होते. त्यांनी मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास हाती घेतला आणि १९४१ मध्ये हेल्मेटचा उपयोग दाखवणारा निबंध प्रसिद्ध केला. लष्कराने निरोप्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सामान्य नागरिकांसाठी कायदा यायला १९७३ उजाडलं, १९७६ मध्ये पगडी घालणाऱ्या शिखांना त्यातून सूट मिळाली. युद्धकाळातला पुरावा हाती असताना बत्तीस वर्षं लागली, तेव्हा हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढणाऱ्या पुणेकरांनी एकट्यांनीच मान खाली घालायला नको. वादाचं कारण तरी उरलेलं नाही एवढं खरं.

घरून नेलेलं आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट तिथल्या कायद्यात बसत नाही, सहसा ईसीई २२.०५ किंवा २२.०६ असा शिक्का लागतो. सरकारच्या ‘शार्प’ योजनेत हेल्मेटं आपटून पाहून पाच ताऱ्यांपर्यंत गुण दिलेले असतात आणि महागड्यालाच जास्त तारे मिळतात असं मुळीच नाही. वापरलेलं हेल्मेट विकत घेऊ नये, ते कधी आपटलं होतं की नाही हे बाहेरून कळत नाही. पट्टा बांधायचा. बाकी पोशाखात पैसे कमी असतील तर आधी हातमोजे आणि घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट घ्यावेत. पडणारा माणूस हात पुढे टाकतो, आणि गाडी पडते ती घोट्यावर. थंडीत मोज्यांना दुसरंही काम आहे, कारण बोटं बधिर झाली की पुढच्या ब्रेकबद्दल वर जे काही सांगितलं ते सगळं फुकट जातं.

परीक्षा झाल्यावर कुठली गाडी घ्यायची, हा प्रश्न मंडळींना फार आधीपासून सतावत असतो. एकोणीस वर्षांवरच्यांना ए-टू लायसन्स मिळतं, त्यात ताकदीची मर्यादा ३५ किलोवॅट. चोवीस पूर्ण झालेला माणूस थेट अमर्याद ‘ए’ची परीक्षा देऊ शकतो. नोकरीसाठी गेलेले बहुतेक मराठी तरुण चोविशी ओलांडलेलेच असतात, त्यामुळे कायदा त्यांना थेट मोठ्या गाडीवर बसू देतो. तरी पहिलं वर्ष ए-टूच्या मर्यादेतली गाडी चालवावी असं माझं मत आहे, आणि त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही. बजाजच्या चाकण कारखान्यात तयार होणारी ट्रायम्फ स्पीड ४०० ब्रिटनमध्ये विकली जाते आणि याच वर्गात बसते. चेन्नईकडच्या रॉयल एनफिल्डच्या ६५० सीसी गाड्याही या मर्यादेत मावतात. इंग्लंडमध्ये जन्मलेली दोन्ही नावं, भारतात जोडलेल्या गाड्या.

लायसन्स हातात आल्यावर ब्रिटनमध्ये आणखी एक सोय आहे, आणि ती फारच थोडे लोक वापरतात. अनेक भागांत पोलीस ‘बाइकसेफ’ नावाची कार्यशाळा घेतात. प्रशिक्षित पोलीस मोटरसायकलस्वार काही मैल तुमच्या मागून येतो, मग कुठेतरी थांबून सांगतो की तुम्ही कुठे उशिरा पाहिलंत, वळणात कुठे उगाच मधल्या रेषेजवळ गेलात. पावती फाडत नाही. नंतरची फेरी बहुधा त्याच्या मागे राहून करायची असते; तो लेनमध्ये कुठल्या बाजूला राहतो आणि कधी मान वळवतो, ते बघत जायचं.